मोटार नसलेलं पाणी

हळ्ळीखेडात बोअरची मोटार जळाली की लोक आधी देवाचं नाव घेत आणि मग अंकुशरावांचं. बत्तीस वर्षं या माणसाने जमिनीच्या पोटातून मोटारी वर ओढल्या, खोलल्या, तांब्याची तार नव्याने गुंडाळली आणि पुन्हा खाली सोडल्या. कुठल्या शिवारात किती फुटांवर पाणी लागतं हे त्यांना तोंडपाठ होतं. कुठलं पाणी संपलं, तेही. मोटारीच्या आवाजाचा मात्र त्यांना इतका वीट आला होता की घरात मिक्सर लागला की ते उठून अंगणात जात.

म्हणूनच बायको गेल्यानंतर त्यांनी पुढच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी मांडली तेव्हा तिच्यात हवेचा पंप बसवला नाही आणि पाणी गाळायचं यंत्रही लावलं नाही. हैदराबादचा दुकानदार म्हणाला, असे मासे आठवडा काढणार नाहीत. अंकुशराव म्हणाले, "तळ्यात कुठं असतीय मोटार?" त्यांनी बीदरकडच्या माळावरची लाल माती आणली, चाळली, धुतली आणि तळाला चार बोटं जाड अंथरली. वर वाळू पसरली. तीत रोपं इतकी दाट लावली की गप्पी आणि टेट्रा सोडले तेव्हा ते शोधावे लागले. आठवड्याचा महिना झाला, महिन्याची सहा वर्षं झाली. मासे पिलं घालत राहिले, पाणी आरशासारखं राहिलं.

त्यांची मुलगी विजयश्री नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. सणासुदीला यायची, दारातूनच टाकीकडे बघायची आणि म्हणायची, "छान आहे, अप्पा." मग पिशव्या उघडायला आत जायची. सहा वर्षांत याहून जास्त ती त्या टाकीबद्दल बोलली नव्हती.

फाल्गुनात अप्पा झोपेतच गेले. विजयश्री पोचेपर्यंत चार वाजले होते. तिच्यासाठी थांबले होते सगळे. पुरुष मंडळी त्यांना घेऊन शेताकडे निघाली आणि ती मागच्या खोलीत चटईवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. माणूस गेलं की घरात भरलेलं पाणी ठेवत नाहीत. घागरी, बादल्या, मागचा ड्रम सगळं ओतून घर धुवायचं आणि नवं पाणी भरायचं. आई गेली तेव्हाही असंच झालं होतं. आवाज बराच वेळ चालला. घरात एवढं पाणी कुठलं, असं तिच्या मनात आलं, पण ती उठली नाही.

दिवेलागणीला ती बाहेर आली तेव्हा कलाबाई आत्या स्टुलावर उभी राहून पदराने काच पुसत होती. आत्या अप्पांची धाकटी बहीण, खजुरीला दिलेली. रडून तिचे डोळे सुजले होते आणि हात कोपरापर्यंत ओले होते.

"बघ विजे, लख्ख केलं. चार बाया लागल्या. मासे टबात ठिवले हुते, एक पण खाली पडू दिला न्हाई. नळ नेमका आजच आला बघ, देवालाच काळजी."

पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं होतं. मासे सगळे वर आले होते आणि तोंडं उघडझाप करत होते. टाकी मांडल्यापासून घरातलं हे पहिलंच मरण होतं. अशा वेळी टाकीचं काय करायचं, हे कुणी कुणाला विचारलेलंच नव्हतं.

सकाळी निम्मे मासे उताणे तरंगत होते.

सुतकाच्या घरात शेजारचे लोक ओट्यावरूनच बोलून जात होते. भीमण्णा तेवढे काठी टेकत सरळ आत आले, नेहमीच्या बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "कलाबाई, चहा टाका." ते वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. सहा वर्षं रोज दुपारी तीन ते पाच अप्पांच्या शेजारी बसून टाकी बघणारा हा माणूस.

"अण्णा, सूतक हाय की आमचं," आत्या म्हणाली.

"आमी लिंगायत. बसवण्णांनी आमचं सूतक कवाच फिटवलंय. साखर जास्ती घाला."

मग त्यांनी टाकीवर वाकून वास घेतला आणि चहाचं विसरून गेले. "अक्का," ते विजयश्रीला म्हणाले, "हे नळाचं पाणी व्हय? टीसीएल पावडरीचा वास यायलाय, त्यानं मासे मरतेत. बोअरचं पाणी दोन दिस ड्रमात उघडं ठिवायचा अंकुश, मग त्यातलं चार तांबे घालायचा. सगळं पाणी तर त्यानं कवाच काढलं न्हाई."

"ड्रमही ओतला," विजयश्री म्हणाली.

आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कप घेऊन उभी होती. "म्हंजे मी मारलं?"



"तुम्ही कामून माराल," भीमण्णा म्हणाले. "पद्धत हाय तुमच्यात."

"भावाची मासळी मारायची पद्धत हाय व्हय आमच्यात?" आत्या तिथेच खाली बसली. कप तिने इतका जपून टेकवला की चहा सांडला नाही.

विजयश्रीच्या ओठावर बरंच काही आलं.  पण पाणी ओतल्याचा आवाज आपण ऐकला होता आणि तरी उठलो नव्हतो, हे तिला ठाऊक होतं आणि आत्याला ठाऊक नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून तिने बाही वर केली आणि पाण्यातली सडकी पानं काढायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" आत्या बसल्या जागेवरून ओरडली. "सुतकात रोपाला हात लावत न्हाईत. काल त्या शेजारच्या ईरम्माची सून सगळं उपटून माती धुवा म्हनत हुती. मी म्हनलं, पाणी ओता, मूळ धरलेलं उपटायचं न्हाई."

भीमण्णांनी मान वर केली. "माती हलवली न्हाई?"

"बोट लावू दिलं न्हाई."

"मग ऱ्हायलं असंल कायतरी." ते परत बाकड्यावर टेकले. "पाणी काय, पावणं असतंय, येतंय-जातंय. अंकुश म्हणायचा, माशांची घाण त्या मातीत कुणीतरी खातंय, डोळ्याला दिसत न्हाई इतकं बारीक. मग ती मुळ्या वढतेत, पानं हवा सोडतेत, ती हवा मासे घेतेत. मधी मोटार कशाला पायजे?" आणि मग चहा घेत त्यांनी आपलं म्हणणं स्वच्छ मांडलं. तेरावं झालं की घराला कुलूप लागणार. विजयश्री नाशिकला, कलाबाई खजुरीला. "अंकुशचा एक जीव जरी हिथं हललेला दिसला, तर किल्ली माझ्याकडं द्या, मी हाय तवर रोज येतो. पण नुसत्या पाण्याला राखण बसणार न्हाई. माझे गुडघे दुखतेत."

"हैदराबादहून नवे मासे आणले तर?" विजयश्रीने विचारलं.

"ते अंकुशचे न्हाईत."

त्या दिवसापासून विजयश्री टाकीपुढे बसू लागली. दुसरं काही सुचत नव्हतं. पहिले पाच दिवस फक्त नासाडी बघण्यात गेले. रुंद पानांची रोपं पाणी बदललं म्हणून विरघळली. पानं आधी काचेसारखी पारदर्शक झाली, मग त्यांचं लिबलिबीत पाणी झालं. मासे एकेक करून गेले. आठव्या दिवशी शेवटचा टेट्रा, निळ्या रेघेचा, मॉसच्या हिरव्या गादीवर आडवा पडलेला दिसला. तिने तो वाटीत काढला, परसात खड्डा केला आणि अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. आत्या लांब उभी राहिली. जवळ यावं की नाही, हे तिला कळत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी पाणी निवळलं होतं.

तिने दोनदा पाहिलं. कुणी बदललं नव्हतं, कुणी गाळलं नव्हतं. काल ज्यातून मागची भिंत दिसत नव्हती, त्यातून आज पलीकडच्या खिडकीचे गज मोजता येत होते. तिने खुर्ची काचेजवळ ओढली. लाल मातीच्या थरात, काचेला चिकटून, पांढऱ्या मुळ्यांचं जाळं होतं. केसाहून बारीक, एकातून दहा फुटलेलं. पानं विरली होती, मुळं जागेवर होती. शेवाळाचा एक ठिपका काचेवरून सरकला. ती हरभऱ्याच्या डाळीएवढी गोगलगाय होती आणि मागे स्वच्छ पट्टा सोडत चालली होती. मातीतून अधूनमधून एक बुडबुडा सुटायचा, खाली कुणी कूस बदलावी तसा.

विजयश्रीने आयुष्यभर पुस्तकं हाताळली होती. निसर्गाचं हे चक्र तिने शाळेत पाठ केलं होतं, बाण काढून आकृतीही काढली होती. पण आकृतीत आवाज न करता चाललेली ही मेहनत नव्हती. आठ दिवस ती समजत होती की आपण एक मेलेली गोष्ट बघतोय. आणि तेवढ्या वेळात तिच्या डोळ्यांदेखत, घरातलं कुणी रडतंय की जेवतंय याची फिकीर न करता, कुणीतरी विषारी पाणी धुऊन काढलं होतं. अप्पांनी ते कुणीतरी कामाला लावलं होतं आणि ते स्वतः गेल्यावरही काम थांबलेलं नव्हतं. 

"आत्या," तिने हाक मारली. "जरा इकडं ये."

दोघी मांडीला मांडी लावून बसल्या. दुपारपर्यंत बसल्या. बाराव्या दिवशी विरघळलेल्या रोपाच्या बुडातून तांबूस, गुंडाळलेली सुई वर आली. आत्याने भीमण्णांना ओट्यावरूनच हाक दिली.

"पान फुटलंय, अण्णा! हे जीव न्हाई व्हय?"

भीमण्णांनी चष्मा लावून बघितलं. पण ते हटले नाहीत. "हाय. पण पान बघायला मी हिथं कामून येऊ, शेत भरलंय की. हलणारं पायजे. ती गोगलगाय रोपासंगं फुकट आलेली, तिला अंकुश मोजत नव्हता."

"हेकट माणूस," आत्या पुटपुटली.

तेराव्याला विधी लवकर आटोपले. अंघोळी झाल्या, घरभर गोमूत्र शिंपडलं आणि भटजी टाकीकडे वळले तेव्हा आत्या आडवी उभी राहिली. "तिथं नगं. लई झालंय त्याला." पंगत बसली. पुढच्या खोलीतही पाट मांडले होते. खिडकीतून ऊन आत आलं आणि तिरकं टाकीवर पडलं.

पहिल्यांदा एका पातीवर चांदीचा कण दिसला. मग दुसरा. मग लांब पात्यांच्या कडेकडेने कण जमले, सुटले आणि वर निघाले, एकामागे एक, न तुटणारी माळ. बघता बघता टाकीत अशा पंधरावीस माळा वर चढत होत्या. पानं उन्हात श्वास सोडत होती आणि तो श्वास डोळ्यांना दिसत होता. वाढपी हातात भाताचं पातेलं घेऊन थांबला. पंगतीतला एकजण जेवता जेवता उठून उष्ट्या हातानेच जवळ आला आणि त्याला कुणी रागावलं नाही.

"सूतक फिटलंय," आत्या हळूच म्हणाली. "आता लाव हात."

विजयश्रीने बांगडी काढली आणि हात पाण्यात घातला, मनगट, मग कोपर. वरचं पाणी कोमट, खालचं गार. बोटांनी सडकी पानं उचलून ती वाटीत टाकू लागली. शेवटचं पान वाळूत अडकलं होतं. ते ओढताना वाळू थोडी उसवली आणि बोटाखालून काहीतरी निसटलं.

पेन्सिलीएवढं बारीक, बोटाएवढं लांब, पिवळं, अंगावर तपकिरी पट्टे. ते वाळूतून अर्धं बाहेर आलं.

"अगं बाई, साप!" आत्या मागे सरली.

"साप कुठला, मासा हाय," भीमण्णा काठी विसरून पुढे झाले होते. "मिशा बघा त्याला." ते काचेला नाक लावून वाकले.  मग अगदी हळू म्हणाले, "हे कवा आणलं ह्यानं? सहा वर्षं मी हिथं बसलो. मला कवा दिसलं न्हाई. मला बोलला पण न्हाई."

पाणी ओतलं तेव्हा तो ओल्या मातीत शिरून बसला असणार. तेरा दिवस त्याला कुणी शोधलं नव्हतं, कारण तो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. तो अजून आहे, हे अप्पांना तरी माहीत होतं का? की तेही रोज दुपारी तो दिसेल म्हणून नुसती वाट बघत बसायचे? विजयश्रीला विचारता येणार नव्हतं. मासा तिच्या तर्जनीच्या कडेने चालत आला, मिशांनी तिचं नख चाचपलं आणि दोन बोटांच्या मधल्या सावलीत शिरून थांबला. तिने हात हलवला नाही. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप तिला बोटांच्या कातडीवर कळत होती.

"अक्का," भीमण्णा बाकड्यावर बसत म्हणाले, "किल्ली दे. आन् कलाबाई, माझं ताट हिकडंच आणा."

"किल्ली खुंटीला आहे, अण्णा. तुम्हीच घ्या," विजयश्री म्हणाली. "माझा हात आत्ता निघत नाही."