पोपटरावांच्या वाढदिवसाखाली

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत आणि आवाजही नाही. तुमच्या अंगावर अकरा नियम लिहिलेले आहेत. ते सगळे खरे आहेत, कामाचे आहेत, आणि रोज दीडशे माणसे ते न वाचता तुमच्यासमोरून जातात. जमले? आता तुम्ही थोडेफार माझ्यासारखे झालात.

मी पोहण्याच्या तलावावरचा फलक आहे. सणसवाडीच्या पुढे, जिथे पूर्वी कांदा आणि शेवंती व्हायची, तिथे आता तीन इमारतींची सोसायटी आहे. तिच्या मधोमध निळ्या फरशीचा तलाव आहे आणि तलावाच्या काठी, दोन लोखंडी खांबांच्या मध्ये मी आहे.

मला शिरूरच्या साहेबराव पेंटरने घडवले. पत्र्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात, त्यावर निळी अक्षरे. फक्त चौथा नियम त्याने लाल रंगात लिहिला. ‘खोल बाजू ८ फूट. येथे उडी मारू नये.’ त्यातला आठ त्याने वितीएवढा मोठा काढला. सोसायटीच्या सचिव अनितामॅडम मला न्यायला आल्या तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, चष्म्याबिगर वाचता येईल असं काढलंय. पन वाचायची इच्छा डब्यात मिळत न्हाई, ती तुमची तुम्ही बघा.”

तलावाचे उद्घाटन झाले त्या दिवशी माझ्यावरचे नियम माईकवरून वाचून दाखवले. पहिला, आंघोळ करूनच पाण्यात उतरावे. टाळ्या. दुसरा, काठावर चपला घालून येऊ नये व खाऊ नये. टाळ्या. तिसरा, पोहण्याचा पोशाख नसताना पाण्यात उतरू नये. पुन्हा टाळ्या. टाळ्या वाजवणारे सगळे चपला घालून काठावर उभे होते आणि त्यांच्या हातात भेळ होती.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात म्हणून तुम्हाला वाटत असेल, की मोठ्या माणसांना नियम समजत नाहीत. तसे नाही. त्यांना ते चांगले समजतात. ते दुसऱ्यांसाठी आहेत, एवढाच त्यांचा समज असतो. बी इमारतीतले एक गृहस्थ पायरीवर बसून दगडाने टाचा घासत. एक काका खांद्याला साबण लावून सूर मारत. आणि सत्यजीत! हा अध्यक्षांचा पुतण्या. जीन्सची पँट घालून, एका हातात मोबाइल वर धरून तो पाण्यात उतरे आणि म्हणे, “आमच्या चुलत्याच्या रानात हाय तलाव. आमाला कोन शिकवणार?”

अध्यक्ष म्हणजे पोपटराव. सगळे त्यांना आबा म्हणत. जमीन त्यांची होती, इमारती झाल्या तेव्हा त्यांना चार फ्लॅट मिळाले आणि अध्यक्षपद जणू पाचव्या फ्लॅटसारखे मिळाले.

या सगळ्यांत मला वाचणारी माणसे दोनच. पहिली नकुशीताई. ती राहू गावची, नदीकाठी वाढलेली, पाण्यात मासोळीसारखी. तलावाची देखरेख तिच्याकडे होती. गळ्यात शिट्टी, हातात लांब दांड्याची जाळी. दुसरी समृद्धी, आबांची नऊ वर्षांची नात. ती इंग्रजी शाळेत जाई, त्यामुळे मराठी वाचायला ती माझ्यावरच शिकली. एकेक अक्षर लावत ती वाचे आणि नकुशीताई तिला म्हणे, “पोषाक न्हवं, पोशाख. साहेबरावानं एवढं चांगलं लिवलंय, नीट म्हन.”

एकदा सत्यजीत साबणाच्या अंगाने पाण्यात उतरला तेव्हा नकुशीताईने शिट्टी मारली. झाले. संध्याकाळी आबांनी तिला बोलावले.

“नकुशा, घरच्या मान्सांना शिट्टी मारायची न्हाई.”

“आबा, मंग कुनाला मारू?”

“भाडेकरू हायत की!”

मग एप्रिलमध्ये आबांचा वाढदिवस आला, आणि माझ्या आयुष्यातले सर्वांत अपमानाचे दिवस सुरू झाले. दहा फूट लांब, सहा फूट उंच असा फ्लेक्स आला. त्यावर आबा. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, गळ्यात सोन्याची साखळी. खाली बत्तीस शुभेच्छुकांचे छोटे फोटो. एवढा मोठा फ्लेक्स बांधायला आवारात दोन मजबूत खांब एकाच ठिकाणी होते. माझे.

“आबा, बोर्ड झाकला जातोय,” नकुशीताई म्हणाली. “पान्याची खोली दिसंना.”

“दोन दिसांचा तर प्रश्न हाय. नियम काय कुठं पळून चाललंत?”

दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. फ्लेक्स कुणीही काढला नाही. का काढला नाही, हे बाहेरगावच्या मुलांना समजणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे फ्लेक्स लावणे सोपे असते, काढणे अवघड. जो दोरी सोडेल त्याने आबांनाच खाली उतरवले, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय ते बत्तीस शुभेच्छुक! येता-जाता प्रत्येक जण आपला अंगठ्याएवढा चेहरा जागेवर आहे ना, हे पाहून जाई. तलावात मुले किती आहेत, हे मात्र एकानेही कधी मोजले नाही.

नकुशीताईने एकदा खालचा एक कोपरा सोडला. लगेच सत्यजीत ओरडला, “ए बाई, आबांच्या फोटूला हात लावती व्हय?” तिने गाठ पुन्हा मारली. मग तिने फरशीवर खडूने आठ काढला. तो पहिल्याच ओल्या पायाखाली पुसला गेला. शेवटी ती येणाऱ्या प्रत्येक मुलाला तोंडाने सांगू लागली. एवढ्या मोठ्या पत्र्याचे काम एका बाईच्या घशावर आले. मी प्लास्टिकच्या मागे घामेजून उभा होतो.

मे महिन्यातला रविवार. आबांकडे पाहुणे आले आणि खुर्च्या तलावाच्या काठी मांडल्या गेल्या.

“नकुशा, च्या आन सगळ्यांना.”

“आबा, पोरं पान्यात हायत.”

“आम्ही हावोत की इथं बसलेले! जा.”

ती गेली. बसलेले बसून राहिले. सगळ्यांची तोंडे एकमेकांकडे आणि पाठी पाण्याकडे.

तेवढ्यात ज्ञानेश आला. आठ वर्षांचा. त्याचे वडील कुरकुंभच्या कंपनीतून इकडच्या कंपनीत आले होते आणि त्या घराला इथे तीनच दिवस झाले होते. कालव्यात कमरेएवढ्या पाण्यात डुंबलेला पोरगा तो. खोल बाजूच्या काठावर उभा राहून त्याने आधी वर पाहिले, कारण त्याच्या शाळेत त्याला शिकवले होते, की नव्या जागी काय लिहिले आहे ते आधी वाचावे. शहाण्या मुलाने वाचले. मोठ्याने वाचले. “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.” आणि उडी मारली.

मित्रांनो, मी आठ फूट, आठ फूट म्हणून किती ओरडलो असेन! पण पत्र्याचे ओरडणे कुणाला ऐकू येते? एक हात वर आला, गेला. पुन्हा आला नाही.

“ताईऽऽऽ!” उथळ बाजूने समृद्धी किंचाळली.

चहाचा ट्रे खाली पडला. नकुशीताईने साडीसकट उडी घेतली. मानेशी सदरा धरून तिने ज्ञानेशला वर आणले, काठावर कुशीवर वळवले. पाठीवर एक, दोन, तीन थापा. पाणी बाहेर आले आणि पाठोपाठ रडणे आले. एका पाहुण्याने पँटवर उडालेला चहा रुमालाने पुसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथेच सभा भरली. तुम्हाला वाटेल, नकुशीताईचे आभार मानायला. छे! अनितामॅडमनी वहीतून वाचले, “नियम क्रमांक तीन. नकुशीबाई साडी नेसून पाण्यात उतरल्या. शिवाय नव्या मुलाला खोलीची सूचना दिली नाही. सबब त्यांना कामावरून कमी करावे.”

“नियम म्हंजी नियम,” सत्यजीत म्हणाला. त्याच्या जीन्सवर अजून ओल होती.

ज्ञानेशची आई, सारिका, उठून उभी राहिली. “अहो, काय बोलताय? माझं पोर काढलं तिनं!”

“त्ये हाय की ताई,” आबा समजुतीने म्हणाले. “पन शिस्त पायजे का नको? पोराला सांगायचं काम हिचं. आता बघा, इथं कुठं लिवलंय का खोली किती ते?”

हे बोलताना त्यांची पाठ त्यांच्याच फोटोला टेकली होती. पाच आठवड्यांत ते मला साफ विसरले होते.

हे काम गेले असते, तर नकुशीताईला पुन्हा ठेकेदाराच्या दारात रांगेत उभे राहावे लागले असते. आणि उद्यापासून या पाण्याकडे बघणारे कुणीही राहिले नसते. सही करायला वही आबांकडे निघाली होती.

मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. मला हार घालू नका, माझ्यासमोर नारळ फोडू नका. मला उघडे ठेवा आणि वाचा. आणि जे माणूस तुम्हाला सांगायला उन्हात उभे राहते, त्याला चहा आणायला पाठवू नका. एवढे केलेत, तर तुम्ही मोठे झाल्यावर आमच्या सोसायटीसारखे होणार नाही.

वही आबांच्या हातात पोचण्याआधी समृद्धी खुर्चीवरून उतरली. ती खुर्ची माझ्या उजव्या खांबाशी ओढून, तिच्यावर चढून तिने वरची गाठ सोडली. मग डाव्या खांबाची. गॉगलसकट आबा मधोमध दुमडून खाली आले. बत्तीस शुभेच्छुकांतले अकरा जण सभेत हजर होते; ते घडीत आपापला चेहरा शोधू लागले.

“समू, काय करती तू?” आबा म्हणाले.

तिने मला पहिल्या नियमापासून वाचायला सुरुवात केली. चौथा नियम तिने दोनदा वाचला. अनितामॅडमनी पेनाला टोपण लावले. समृद्धी थांबली नाही.

“दहा. नियम मोडणाऱ्यास एक महिना तलावावर येण्यास बंदी. अकरा. या फलकावर काहीही लावू अगर बांधू नये. हुकमावरून, पोपटराव, अध्यक्ष.”

मग ती तलावाच्या फाटकापाशी गेली, तिने कडी काढली, आणि आजोबा बाहेर पडेपर्यंत फाटक उघडे धरून उभी राहिली.