दोन रिंगा म्हणजे बाबा ठीक

मित्रांनो, माझ्या पाठीवर चिकटपट्टी आहे आणि पाचाच्या बटणावरचा आकडा पार झिजून गेला आहे. तेवढ्यावरून ओळखणं अवघड, म्हणून सांगूनच टाकतो: मी मंदारचा जुना मोबाइल फोन. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. डोळे उघडले ते चेन्नईत, अण्णा नगरच्या एका खोलीत. मंदार मूळचा सांगलीचा. शहराबाहेरच्या सिरुसेरीला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून त्याने मला घेतलं. काय माझं कौतुक तेव्हा! रुमालाने पुसायचा आणि मगच खिशात ठेवायचा.

मला पहिल्यापासून नसत्या चौकशा फार. त्यात एक गोष्ट काही केल्या कळेना. रोज सकाळी आठला सांगलीहून फोन यायचा, दोन रिंगा व्हायच्या आणि बंद. मंदार उचलायचा नाही, नुसता हसायचा आणि आंघोळीला जायचा. एवढ्या लांबून फोन करायचा आणि बोलायचं नाही, ही कुठली रीत? पुढे उलगडा झाला. त्याच्या बाबांना हार्टचा झटका येऊन गेला होता. एसटीडी महाग, म्हणून मायलेकांनी ठरवलं होतं की दोन रिंगा म्हणजे बाबा ठीक आणि एकच रिंग म्हणजे ताबडतोब फोन कर. दहा महिने रोज दोनच आल्या.

२००६ सालची गोष्ट. एका संध्याकाळी मंदार खालच्या दुकानात रिचार्जला गेला. दुकानदार रघुराम राव तंजावरकडच्या मराठी घरातले. मराठी बोलणारं गिऱ्हाईक दिसलं की त्यांची कळी खुलायची. भिंतीवर नवीन जाहिरात होती: नव्या ग्राहकांना एसटीडी एक रुपयात.

"आणि आम्ही जुन्यांनी काय घोडं मारलंय?" मंदारने विचारलं.

"जुन्यांना पण आहे हो. बोलावून कोण सांगणार? विचारलं त्यालाच मिळतं," रघुराम राव म्हणाले. "नंबर पण हाच राहणार. एक मेसेज टाका, सेरी? ठीक आहे ना?"

मंदार खूश झाला. आता घरी पोटभर बोलता येणार होतं. मेसेज गेला आणि उत्तर आलं, लांबलचक, इंग्रजीत. मंदारने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि थेट होकार कळवला. मधल्या ओळी मी जीव तोडून दाखवत होतो, पण माझ्याकडे बघतो कोण!

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आठ वाजले. मी एकदा वाजलो आणि बंद.

मंदारच्या हातातला ब्रश खाली पडला. त्याने घरी फोन लावला तर एंगेज. तेवढ्यात मी पुन्हा वाजलो, एकदाच. त्याने हिरवं बटण दाबेपर्यंत फोन कटला होता. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. मला फार वाईट वाटलं. तो मला मुठीत धरून तसाच धावत दुकानात गेला. "राव, बाबांना काहीतरी झालंय. माझा फोनही बिघडलाय."

"परवाइल्ले, घाबरू नका, बघतो," म्हणत रघुराम रावांनी दुकानातल्या फोनवरून माझा नंबर फिरवला आणि ते हसायलाच लागले. "अहो, तुम्हाला फोन केला की रिंगच ऐकू येईना. सिनेमाचं गाणं वाजतंय! स्कीमबरोबर महिनाभर फुकट दिलंय वाटतं."

त्यांनी फोन ठेवला आणि मी वाजलो. या वेळी मंदारने झडप घालून उचलला. "आई, ठेवू नकोस!"

"अगं बाई, तूच होय? मघापासून कुणी बाई तमिळमध्ये गात होती. मला वाटलं, चुकीचा नंबर लागतोय. मी आपली ठेवून देत होते."

"बाबा?"

"हे काय, समोर पेपर वाचतायत."

मंदार दुकानातल्या बाकावर टेकला. मग त्याने उलटा फोन लावला आणि बाबांना बोलवायला सांगितलं. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मी नीट ऐकलाच नव्हता.

"बाबा, फिरायला जाता ना रोज?"

"जातो की. फाटकापर्यंत."

"फाटकापर्यंतच? कधीपासून?"

"दिवाळीपासून. धाप लागते रे. तू तिकडे एकटा काळजी करत बसशील, म्हणून मीच हिला सांगितलं, दोनच वाजव."

त्याच्या तळहाताचा घाम माझ्या बटणांना लागला. त्याच दिवशी रजा काढून तो सांगलीला गेला आणि बाबांना मिरजेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. आणखी महिनाभर थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

आता मी कपाटात असतो. बॅटरी फुगली आहे, कुणी विचारत नाही. त्याचं मला काही नाही. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, पण घरून 'ठीक आहे' असं आलं की तिथेच थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत फोन कानाला धरून ठेवा. दहा महिने मी रोज दोनदा वाजत होतो, आणि आपण खरंच सांगतोय असं मलाही वाटत होतं.