एकतिसावा टाका

चहाचं पातेलं जळालं त्या दिवसापासून घरात आपल्यावर पाळत आहे, याबद्दल मोजणीसांच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

मोजणीस हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बस डेपोच्या भांडारात चौतीस वर्षं नटबोल्ट आणि बेअरिंगं मोजणाऱ्या या माणसाला कामगारांनी ठेवलेलं ते नाव. एक वॉशर कमी भरला तरी ते अख्खं भांडार डोक्यावर घ्यायचे. आकडा चुकला म्हणजे कोणीतरी हात मारला, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. आकडा आपलाही चुकू शकतो, हा विचार त्यांच्या डोक्याच्या आसपासही कधी फिरकला नव्हता.

तर पातेलं. ते गॅसवर ठेवून मोजणीस पेपर वाचायला गॅलरीत गेले आणि वास आला तेव्हा पातेल्याचा पार कोळसा झाला होता. सुनेने खिडक्या उघडल्या, पातेलं उचलून कचऱ्यात टाकलं आणि चकार शब्द काढला नाही. मोजणीसांना खटकलं ते हेच. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करणारी ही बाई एरवी भाजीवाल्याशीही पंधरा मिनिटं बोलते, मग आताच तोंडाला कुलूप का? चार दिवसांनी उलगडा झाला. ती स्वयंपाकघरात फोनवर नवऱ्याशी कुजबुजत होती. मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो. "अहो, तुम्ही काही बोलू नका त्यांना. मी ठेवतेय ना लक्ष."

दुसऱ्याच दिवशी तिने एक पिशवी आणून त्यांच्यासमोर ठेवली. आत दोन सुया, मोहरी रंगाच्या लोकरीचे तीन गुंडे आणि नवशिक्यांसाठीचं एक पातळ पुस्तक.

"बाबा, विणायला शिका की. हाताला चाळा आणि डोक्याला व्यायाम."

डोक्याला व्यायाम! मोजणीसांनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. ही सरळसरळ परीक्षा होती. नापास झालं की डॉक्टर, मग फाइल, मग कुठल्यातरी आश्रमातली भिंतीकडची खाट.

"शिकतो," ते म्हणाले. म्हणजे काढाच प्रश्नपत्रिका, असं.

पहिले टाके सुईवर घालायलाच दोन दिवस गेले. पुस्तकातल्या चित्रांत नुसतेच हात होते, आणि त्या हातांना सगळं जमत होतं. मोजणीस लोकर बोटाला अशी आवळून धरायचे की बोट निळं पडायचं, आणि टाके इतके घट्ट बसायचे की दुसरी सुई आत शिरेना. शेवटी पुस्तकावर शिक्का होता त्या दुकानात ते गेले. गल्ल्यामागे एक जाडजूड लोकरवाली विणत बसली होती.

"काका, लोकरीशी कुस्ती कसली खेळताय?" ती म्हणाली. "हात सैल सोडा. सुई आत, लोकर गुंडाळा, बाहेर ओढा, सोडून द्या. एवढंच."

मोजणीस घरी येऊन तोंडाने पुटपुटत विणू लागले. आत, गुंडाळ, ओढ, सोड. तीस टाक्यांचा मफलर, सगळे टाके सुलट, नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा. दहाव्या दिवशी त्यांच्या हातातून खरंच कापड बाहेर पडायला लागलं, आणि ते त्यांना मनापासून आवडलं. अर्थात, सुनेला तसं कळू द्यायचा प्रश्नच नव्हता.

मग एका सोमवारी त्यांनी सवयीने टाके मोजले. एकतीस.

पुन्हा मोजले. एकतीस. घातले होते तीस, पहिल्या दिवशी तीनदा मोजलेले. बुधवारी तेहेतीस भरले. भांडारात माल कमी व्हायचा, इथे तर वाढत होता! असली चोरी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण हेतू लगेच ध्यानात आला. म्हाताऱ्याला तीससुद्धा मोजता येत नाहीत, हे दाखवायचं असेल तर याहून सोपी युक्ती कुठली?

"आज माझ्या खोलीत कोणी आलं होतं?" त्यांनी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मीच आले होते. केर काढला."

"पिशवी हलवली होती?"

"उचलून ठेवली असेल, बाबा. का?"

"काही नाही." मोजणीस पुढचा घास अगदी सावकाश चावू लागले.

शनिवारी छत्तीस झाले. सून लॅबमधून येऊन चप्पल काढतेय तोच त्यांनी विणकाम टेबलावर तिच्यासमोर आपटलं.

"तीस घातले होते मी. हे छत्तीस आहेत. वरचे सहा कोणाचे?"

"कोणाचे म्हणजे?"

"घरात माणसं दोनच. एक तर हे तू केलंस, नाहीतर..." पुढचं वाक्य त्यांना बोलवेना. त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

सुनेने विणकामाकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मीच घातले, बाबा," ती म्हणाली. "गंमत म्हणून हात लावला. चुकलं माझं."

"वाटलंच मला!"

मोजणीसांच्या छातीवरचा धोंडाच उतरला. त्यांनी तिला दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याबद्दल अर्धा तास सुनावलं, आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. एवढ्यावर त्यांचं भागलं नाही. त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं, "तुझ्या बायकोने चोरून माझे टाके वाढवले. असल्या उचापतींची सवय आहे तिला, सांभाळ." मग विणकाम कपाटात कुलूपबंद केलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली. अंघोळीला जाताना किल्लीही त्यांच्याबरोबर न्हाणीघरात जायची.

आता ते रोज दुपारी दार लावून निर्धास्त विणत. पुढच्या गुरुवारी त्यांनी मोजलं. एकोणचाळीस.

कुलूप त्यांचं होतं आणि किल्ली त्यांच्याच खिशात होती. मोजणीस पलंगावर बसले. आणि मग शनिवारीच यायला हवा होता तो विचार आला. ज्या बाईने जन्मात विणायची सुई हातात धरली नाही, ती टाके वाढवणार कशी? ती खोटं बोलली होती. म्हणजे तिला माहीत होतं. आपलं डोकं कामातून गेलंय हे सुनेला आणि मुलाला कधीच कळून चुकलं होतं, फक्त आपल्याला नव्हतं. त्यांना भयंकर भीती वाटली.

ते उठले ते थेट लोकरवालीकडे.

"बाई, टाके वाढतात माझे," त्यांनी विणकाम पुढे केलं. "आपोआप. मला वाटतं, माझं डोकं..."

"डोकं राहू द्या, हात दाखवा. विणा पाहू एक ओळ."

मोजणीसांनी सुई फिरवून ओळ सुरू केली, आणि लोकरवालीने लगेच त्यांचं मनगट पकडलं.

"हे बघा! ओळ सुरू करताना लोकर सुईच्या वरून मागे ओढताय तुम्ही. मधूनमधून होत असणार हे तुमच्याकडून. त्याने पहिला टाका ताणला जातो आणि एकाचे दोन दिसतात. तुम्ही दोन्ही विणता. लोकर सुईच्या खालून मागे जाऊ द्या, की झालं." ती हसायला लागली. "नवीन माणूस हमखास करतं हे. माझा पहिला मफलर तर पंख्यासारखा पसरला होता."

"पुन्हा सांगा," मोजणीस म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदाही वदवून घेतलं.

घराकडे निघाले तेव्हा पाय जमिनीवर ठरत नव्हते. पण दुसऱ्या चौकापर्यंत तो आनंद ओसरला आणि त्यांना सुनेची खाली घातलेली मान दिसायला लागली. त्यांना स्वतःची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच इतकी वाटली असावी.

सून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तू खोटं का बोललीस?"

तिचा हात थांबला. "कशाबद्दल, बाबा?"

"टाक्यांबद्दल. तू घातले नव्हतेस ते." त्यांनी भराभरा सगळं सांगितलं, लोकर वरून, लोकर खालून, एकाचे दोन. सून मान हलवत होती. "हो बाबा. बरोबर आहे, बाबा." लॅबमध्ये घाबरलेल्या पेशंटशी बोलताना ती याच सुरात बोलत असणार. तिचा एका अक्षरावरही विश्वास नव्हता.

"बस इथे," मोजणीस म्हणाले. त्यांनी मफलरातल्या सुया काढून घेतल्या, टाके सुटले तर सुटू दे म्हणाले, आणि तिच्यासमोर नवे दहा टाके घातले. "मोज."

"दहा."

"आता तू विण. आत, गुंडाळ, ओढ, सोड. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला लोकर वरून मागे टाक, मी मधूनमधून टाकायचो तशी."

तिने जीभ दाताखाली धरून, अडखळत, चार ओळी विणल्या. त्यांनी सुईला बोटही लावलं नाही.

"मोज."

तिने मोजले. मग बोट ठेवून पुन्हा मोजले. "तेरा," ती म्हणाली. "बाबा, तेरा झाले." आणि सुया मांडीत टाकून ती ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

"येत्या मंगळवारी डॉक्टरांकडे नेणार होते तुम्हाला," ती हुंदक्यातून म्हणाली. "कसं सांगू तेच कळत नव्हतं. त्या दिवशी विचारलंत तेव्हा तुमचा चेहरा बघवेना. म्हटलं, मी चोर ठरले तरी चालेल."

मोजणीसांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "मला माफ कर, पोरी," असं कसंबसं म्हणाले आणि फोन उचलून मुलाचा नंबर लावला.

"ऐक. परवा मी तुझ्या बायकोबद्दल बोललो ते साफ खोटं होतं. तिने कशालाही हात लावला नव्हता."

"मग टाके वाढवले कोणी?"

"मी," मोजणीस म्हणाले. आणि ते म्हणताना त्यांना इतकं मोकळं वाटलं की पलीकडून कोणी विचारलं नसतानाही त्यांनी पुन्हा सांगितलं, "मीच वाढवले."