उजव्या बाजूचा आवाज

कॉस्मे बोटीवरची नोकरी सोडून कायमचा वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला परतला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन ट्रंका आणि एक स्टिरिओ आला. साल एकोणीसशे सहासष्ट. गावात वीज नवीन होती. चार-दोन घरी रेडिओ वाजत. पण दोन स्पीकरांचं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं. दोन बाजूंनी दोन वेगळे आवाज येतात आणि मध्ये बसलेल्याला वाटतं, सगळा बँड आपल्यासमोर उभा आहे, असं कॉस्मे येईल त्याला सांगे.

पण त्याला स्वतःला तसं ऐकू येईना. उजवी बाजू बारीक वाजते, असं त्याचं म्हणणं. आधी त्याने रेकॉर्डवरची सुई बदलली. मग पणजीहून ॲम्प्लिफायरचे काचेचे वाल्व आणले. मग मुंबईच्या भावाकडून, आंतोनकडून, मोठा ॲम्प्लिफायर मागवला आणि जुना उघडून त्याचे तुकडे खोलीभर पसरून ठेवले. दर बदलानंतर तो बायकोला, पिएदादला, मधल्या खुर्चीवर बसवी.

“आवाज खंयसून येता, सांग.”

“मधसून येता,” ती पहिल्यांदा म्हणाली होती. तिला खरोखर तसंच ऐकू येत होतं.

त्याने तिच्या थोबाडीत मारली. “खोटा बोलतंस. माका खूश करूक बघतंस.”

दुसऱ्यांदा तिने तेच सांगितलं, तेव्हा त्याने केस धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “डाव्या बाजूक जास्त येता.” त्या दिवशी त्याने तिला हात लावला नाही. तेव्हापासून पिएदाद तेच सांगत आली.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. बोटीच्या इंजिनरूममध्ये एकदा वाफेची नळी फुटली होती आणि कॉस्मेच्या मानेची उजवी बाजू भाजली होती. त्यानंतर उजवीकडून हाक मारली तर तो ओ देत नसे. एकदा ती हळूच म्हणाली होती, “डॉक्टराक कान दाखय रे.” त्यावर तिची दोन बोटं त्याने उलटी वाकवली. एक अजून नीट मिटत नव्हतं.

शेवटी त्याने स्पीकरही नवे आणले, आणि विठोबा सुताराकडून त्यांना फणसाच्या लाकडाच्या दोन पेट्या करून घेतल्या. विठोबाने जीव लावून काम केलं. सांधे असे बसवले की नखसुद्धा शिरू नये. पेट्या घरी आल्या, स्पीकर बसले, रेकॉर्ड लागली. कॉस्मे बराच वेळ ऐकत राहिला. त्याच्या जबड्याचा स्नायू हलायला लागला.

“उजवी पेटी बारीक वाजता. होय काय नाय?”

“होय,” ती म्हणाली.

“लाकूड ओला घातल्यान चोरान.” तो उठला आणि तसाच बाहेर पडला.

तो कुठे निघाला हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. मग ती अनवाणीच धावत सुटली. अंगणात पोचली तेव्हा विठोबा शांतपणे सांगत होता, “कॉस्मेबाब, पेटी हयसर घेवन ये. काय चुकला असात तर मी दुरुस्त करून दितंय.” कॉस्मेने तिथलाच एक वासा उचलला आणि त्याच्या उजव्या हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज पिएदादने कुंपणापाशी ऐकला. विठोबा खाली बसला, तरी कॉस्मे मारत राहिला. पाठीवर, खांद्यावर, हात झाकायला गेला तर त्याच हातावर. विठोबाची बायको कृष्णाबाई मध्ये पडली, तिला त्याने लाथेने उडवलं. शेवटी शेजारचे तिघे धावून आले आणि त्यांनी त्याला मागून धरून ओढलं.

पिएदाद मागे फिरली. आपल्या एका शब्दाने त्या माणसाचा हात गेला, एवढंच तिच्या डोक्यात होतं. घरी येऊन तिने दोन्ही पेट्यांच्या तारा सोडल्या. डावी उजवीकडे नेली, उजवी डावीकडे आणली, तारा पुन्हा जोडल्या. नवऱ्याला इतक्या वेळा जोडताना पाहिलं होतं की तिचा हात अडला नाही.

कॉस्मे आला. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं.

“बस,” ती म्हणाली आणि तिने रेकॉर्ड लावली. “तू ज्या पेटीक बरी म्हणतंस, ती आता उजवीकडे आसा. आयक.”

तो बसला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला. उजवी बाजू अजूनही बारीकच वाजत होती.

“पेटी बरी आसा,” ती म्हणाली. “सुई बरी होती, वाल्व बरे होते. तुझो कान गेलो हा, कॉस्मे. मारशीत म्हणान मी खोटा सांगलंय. विठोबान काय्येक वायट करूक नाय.”

तो उठला, कोनाड्यातला नारळ सोलायचा कोयता घेतला आणि तिच्या अंगावर आला. पहिला वार तिने डावा हात आडवा धरून घेतला. कोपराखाली मांस उघडं पडलं. दुसऱ्या वाराआधी ती मागे पडली आणि तिचा हात जमिनीवरच्या लोखंडावर गेला. जुन्या ॲम्प्लिफायरमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर होता, वरवंट्यासारखा जड. तो तिने उचलला आणि वाकलेल्या कॉस्मेच्या तोंडावर सगळ्या ताकदीनिशी घातला. जबडा मोडला. तो गुडघ्यांवर आला, तेव्हा तिने आणखी एकदा मारलं, आता खांद्यावर, आणि कोयता सुटला. तिसऱ्यांदा हात उचलला होता. तो रक्त थुंकत होता आणि तिच्याकडे लहान पोरासारखा बघत होता. तिने लोखंड खाली ठेवलं.

हवालदार आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. “त्यांनी विठोबाला मारलं. मग मला. मग मी त्यांना मारलं,” ती जपून, पुस्तकी मराठीत म्हणाली. वेंगुर्ल्याच्या डॉक्टरने कॉस्मेचा जबडा बांधला आणि कान तपासून सांगितलं, उजवा पडदा कधीचाच फाटलेला आहे. पुढे खटला झाला, सजा झाली. सुटल्यावर तो बहिणीकडे, ईडाकडे, गोव्याला गेला. पिएदादने त्याला घरात घेतलं नाही.

पण खटल्याच्याही आधी, हाताचे टाके काढल्यावर, तिने दोन्ही पेट्या गाडीवर घातल्या आणि विठोबाच्या अंगणात नेऊन ठेवल्या. विठोबा ओट्यावर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. कृष्णाबाई दारात उभी होती.

“उजवी पेटी बारीक वाजता काय म्हणान त्येनी विचारल्यान,” पिएदाद म्हणाली. “मी होय म्हटलंय. ती बारीक वाजा नाय होती.”

कृष्णाबाई तिच्या तोंडावर थुंकली. पिएदादने पुसलं नाही. मग कृष्णाबाई आत गेली, कुऱ्हाड घेऊन आली आणि एक पेटी ओढून घाव घालू लागली. लाकूड चिवट होतं. कुऱ्हाड उसळत होती आणि ती रडत रडत पुन्हा पुन्हा मारत होती.

“कोपऱ्यार मार,” विठोबा ओट्यावरून म्हणाला. “सांध्यात. थंयसून फुटात.”

तिने तसं केलं. फळ्या मोकळ्या झाल्या. पिएदाद खाली बसली आणि एका हाताने ढलप्या गोळा करून न्हाणीच्या चुलीपाशी रचू लागली. तिला कुणी नको म्हटलं नाही, आणि ओट्यावर येऊन बस असंही म्हटलं नाही.