काळ्यावर लाल दोरा

मी एक ड्रेस बोलतोय. आज तुम्हाला काळा दिसत असेन, पण जन्माने मी लाल आहे. लाल म्हणजे अगदी लाल, लांबून कुणी हाक मारावी तसा. मला 'भडक' म्हणणारे पुढे पुष्कळ भेटले. जन्माच्या वेळी मात्र कुणी नावं ठेवली नाहीत, कारण तिथे आम्ही सगळेच लाल होतो.

एका लांबलचक हॉलमध्ये कापडाचे थर एकावर एक रचून आम्हाला कापलं. एकीने कॉलर शिवली, दुसरीने बाह्या, तिसरीने खिसे. दिवसभर नुसत्या बाह्या शिवणाऱ्या त्या बाईने मला अख्खं कधी पाहिलंच नाही. त्या वर्षी बाह्या घेरदार होत्या. का, ते तिला ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षी चिंचोळ्या होत्या, तेव्हाही ठाऊक नव्हतं. कुठेतरी कुणीतरी ठरवतं आणि हजारो हात कामाला लागतात. म्हणजे मी फॅशनचंच लेकरू. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी काही बोललो तर 'हा जुनाट विचारांचा आहे' असं कुणी म्हणायला नको.

दुकानात मला एका प्लास्टिकच्या पुतळ्यावर चढवलं. त्याला पोट नव्हतं आणि डोकंही नव्हतं. दोन्ही नसल्यामुळे त्याला काहीही शोभायचं.

समोरून बायका जायच्या. पंचेचाळीशीच्या, पन्नाशीच्या. त्या थांबायच्या, माझी बाही दोन बोटांत धरून कापड चोळून बघायच्या आणि मग पलीकडच्या मातकट कपड्यांकडे वळायच्या. बोटं माझ्यावर रेंगाळायची, खरेदी मात्र त्या मातकटांची व्हायची. हे इतक्यांदा घडलं की मला रागच यायला लागला. अहो, घ्यायचा नसेल तर नका घेऊ, पण आवडलेलंच नाही असा चेहरा कशाला करता?

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाई आल्या. शेजारीच चष्म्याचं मोठं दुकान होतं, तिथल्या पुढच्या काउंटरवर त्या होत्या. त्यांनी मला घालूनसुद्धा पाहिलं नाही. कपडे घालून बघायच्या खोल्यांपुढे कॉलेजच्या पोरींची रांग होती, त्या रांगेत उभं राहायचा त्यांना संकोच वाटला असावा. मला उचललं, छातीशी धरलं आणि विचार बदलायच्या आत पिशवीत टाकलं.

या खरेदीमागे काय होतं, ते मला मागाहून कळलं. चष्म्याच्या दुकानाचे थोरले मालक थकले होते आणि त्यांचा मुलगा कारभार बघायला लागला होता. तो सगळ्या दुकानाचं रूप बदलणार होता. त्याने बाईंना सांगितलं होतं, "काकू, पुढचा काउंटर म्हणजे दुकानाचा चेहरा. तुम्ही रोज तेच राखाडी, तपकिरी घालता. जरा फ्रेश दिसा ना, आजच्या काळातलं काहीतरी." पुढच्या काउंटरवर यापुढे एकच जण राहणार होतं. एक तर बाई, नाहीतर त्यांच्या हाताखाली शिकलेली धाकटी सहकारी. दुसरीला मागच्या खोलीत जायचं होतं.

बाईंचं सगळं काम म्हणजे समोरचा चेहरा. चष्मा लावला की त्या गिऱ्हाइकाला "आवडला का?" असं लगेच विचारत नसत. म्हणत, "आता खाली बघा. आता मोठ्याने हसा बघू. हसताना फ्रेम गालावर चढायला नको." लोक उगीचच हसायचे, मग त्या हसण्यावर खरंच हसायचे. असे चेहरे मागच्या खोलीत येत नाहीत. तिथे नुसत्या काचा येतात.

घरी बाईंनी मला दारामागच्या खुंटीवर टांगलं. संध्याकाळी लेक आली. चांगली शिकलेली, बायकांच्या हक्कांवर कुठे कुठे लिहिणारी, भर सभेत उठून बोलणारी पोर. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आई! कसला भारी आहे! माझ्यासाठी आणलास?"

बाई कांदा चिरत होत्या. सुरी थांबली. "नाही गं. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी?" लेकीने माझ्या बाह्या पसरून पाहिल्या. "नाही, म्हणजे छान आहे. पण तुला... तू स्वतः आरामात असशील ना यात? मी तुझ्या दृष्टीनेच म्हणतेय हं."

सगळ्या जगातल्या बायकांनी हवं ते घालावं म्हणून ही मुलगी भांडत होती. त्या जगात आपली आई धरायची राहून गेली होती. वाईट मनाची नव्हती ती. तिला कधी तसं सुचलंच नव्हतं, एवढंच.

तरी बाई मला घालून दुकानात गेल्या. सकाळच्या उन्हात मी काय दिसत होतो म्हणून सांगू! बाईंनी दोन्ही हात खिशात घातले, आणि त्यांची चाल बदलली. मला ती आतून जाणवली. पाऊल थोडं लांब पडत होतं.

"अय्या, काकू! आज काय विशेष?" धाकटी म्हणाली.

"काही नाही. मंगळवार आहे."

"नाही, कुणाला भेटायला वगैरे जायचंय का?" असं म्हणून ती हसली. शेजारचा हिशेबनीसही हसला. मग छोटे मालक आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काकू, मी फ्रेश म्हणालो होतो हो. पण इतकंही नको. वयाला शोभेल असं काहीतरी... कळतंय ना तुम्हाला?"

बाईंनी खिशातले हात बाहेर काढले. दिवसभर ते परत आत गेले नाहीत.

आता तुम्हीच सांगा, जायचं कुठे? राखाडी घातलं तर शिळं, लाल घातलं तर अति. मधली एक वाट आहे म्हणतात, पण ती कुठून सुरू होते हे विचारलं की सांगणारा घड्याळ बघायला लागतो.

रविवारी बाई मला घेऊन ताईंकडे गेल्या. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. कपडे रंगवून देण्याचं त्यांचं छोटं दुकान होतं. विटलेल्या पँटी, रंग उडालेले पडदे त्यांच्याकडे यायचे आणि नवे होऊन जायचे. स्वतः ताई कायम गडद तपकिरीत.

"काळा करून दे," बाई म्हणाल्या.

ताईंनी मला हातात घेतलं. "घेतलास कशाला मग हा? तुला काय वीस वर्षांची व्हायचंय?"

"वीस वर्षांची कशाला होऊ? रंग आवडला म्हणून घेतला."

"आपल्या वयाला गडदच बरं बाई. गडद कपड्याला कुणी काही विचारत नाही."

"म्हणून तर आणलाय," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

ताईंची कामाची एक शिस्त होती. कुठलाही कपडा रंगात टाकण्याआधी त्या आतल्या शिवणीतून दोऱ्याचा तुकडा ओढून घ्यायच्या आणि वाटीतल्या रंगात बुडवून बघायच्या. गिऱ्हाइकाच्या पायपुसण्यालासुद्धा त्यांनी ही परीक्षा कधी चुकवली नव्हती. पण मी घरचा. घरच्या कामाला कोण परीक्षा घेतं? शिवाय बहीण रडवेली झालेली, तिच्यासमोरून तो लाल रंग लवकर नाहीसा करावा अशी घाई. ताईंनी मला तसंच उकळत्या पातेल्यात सोडलं.

त्या पातेल्याबद्दल मी फार बोलणार नाही. जे लख्ख होतं ते हळूहळू बुजत गेलं. मला वाटलं, संपलं.

मला बाहेर काढून वाळवलं, तर ताई कपाळाला हात लावून खालीच बसल्या. माझं कापड सुती होतं, ते काळं झालं होतं. पण मला शिवलं होतं पॉलिस्टरच्या दोऱ्याने, आणि त्या दोऱ्याने रंग घेतलाच नव्हता. कॉलरभोवती, खिशांच्या काठाने, प्रत्येक काजाला, खालच्या घेराला, जिथे जिथे सुई गेली होती तिथे तिथे लाल रेघ. आधी लालावर लाल होती म्हणून कुणाला दिसली नव्हती. आता एकेक टाका मोजून घ्यावा इतकी स्पष्ट.

"वाटोळं केलं गं मी तुझ्या कपड्याचं," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं हेच करते आणि तुझ्याच वेळी... थांब, सगळं उसवते. काळ्या दोऱ्याने शिवून देते."

बाईंनी मला उजेडात धरलं. आधी त्या हसल्या. मग हसता हसता डोळे भरले. ताईंनी पदार्थ करपल्यासारखा चेहरा केला होता, त्याकडे बघून त्या पुन्हा हसल्या.

"राहू दे ताई."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"राखाडी घालत होते तेव्हा म्हणाले, लाल घातला तेव्हा म्हणाले. आता याला काय म्हणतात ते तरी बघू."

आणि गंमत बघा. घरी लेकीने मला पाहिलं आणि किंचाळलीच. "आई, हे कुठून मिळवलंस? काळ्यावर लाल शिवण! आत्ता सगळीकडे हेच चाललंय. दे ना मला एक दिवस, प्लीज."

"नाही."

"एकच दिवस गं."

"नाही म्हटलं ना. हा माझा आहे." मग बाई म्हणाल्या, "आणि चाललंय म्हणून मी घालत नाहीये. पुढच्या महिन्यात चालेनासं झालं, तरी काढणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

लेक आईकडे, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, त्या दिवशी तिला पहिल्यांदा आपल्या घरात एक बाई दिसली.

दुकानाचं नवं रूप तयार झालं. छोट्या मालकांनी बाईंना आत बोलावलं. बाई मला घालून गेल्या होत्या.

"बसा ना काकू. पुढच्या काउंटरवर आपण तिला ठेवतोय. तुम्ही मागे, काचा घासणं आणि दुरुस्ती. तिथे दिवसभर उभं राहायला लागत नाही. तुमच्यासाठी तेच बरं."

"माझं काम कुठे चुकलं का?"

"छे, कामाचं काय..."

"मग कपड्यांचं?"

"तसं नाही हो काकू. ओव्हरऑल."

"ओव्हरऑल म्हणजे वय," बाई म्हणाल्या. छोटे मालक आपला चष्मा काढून पुसायला लागले. त्यावर एकही डाग नव्हता. "मी मागे बसेन. नोकरीची मला गरज आहे आणि दुकान तुमचं आहे. फक्त 'तुमच्यासाठी बरं' असं म्हणू नका. दुकानासाठी म्हणा. निदान ते खरं तरी होईल."

निर्णय बदलला नाही. सोमवारपासून बाई मागच्या खोलीत बसायला लागल्या. तिथे खिडकी नाही. एक दिवा, काचा घासायचं, पाण्याच्या धारेखाली फिरणारं चाक आणि बारीक स्क्रूंचे डबे. पहिल्या सकाळी लेक सहज बोलून गेली, "आई, आता तर मागेच बसायचंय. जुनं काहीतरी घाल की. तिथे कोण असतं बघायला?"

बाई माझं शेवटचं बटण लावत होत्या. "मी असते ना तिथे."

एका दुपारी धाकटी मागे आली, स्क्रू पडलेली एक फ्रेम घेऊन. फ्रेम दिली तरी ती जाईना.

"काकू, एक सांगू? साहेब आज म्हणाले, केस जरा नव्या पद्धतीने कापून घ्या."

"मग?"

"मागच्याच महिन्यात कापलेत हो!"

दोघी खूप हसल्या. हसणं ओसरलं तशी धाकटी हळूच म्हणाली, "माझी पस्तिशी आली काकू. त्या दिवशी मी तुम्हाला हसले होते. आता माझे किती दिवस?"

बाईंनी स्क्रू बसवला, फ्रेम उघडून मिटून पाहिली. "ते मला माहीत नाही. काउंटर त्यांचा आहे, ते त्यांना ठरवू दे. केस तुझे आहेत. कापायचे असले तर हौसेने काप, अगदी हवे तसे, निळे कर हवं तर. भीतीने मात्र कापू नकोस."

ती नोकरी, ती खोली आजही तशीच आहे. चाकात अडकायला लागल्या म्हणून ताईंनी माझ्या घेरदार बाह्या कोपरापर्यंत कापल्या. ज्या बाह्यांमुळे मी एके काळी नवा होतो, त्या आता नाहीत. मला त्याचं दुःख नाही. त्या कुणी दुसऱ्याने नको म्हटल्या म्हणून गेल्या नाहीत, कामात आड आल्या म्हणून गेल्या. खिशाला स्क्रूड्रायव्हरने भोक पडलंय, त्याला आतून ठिगळ आहे. अजून दोन-तीन वर्षं निघतील. मग मी फडका होईन आणि काचा पुसेन.

त्याआधी तुमच्याशी एकच बोलायचं आहे, आणि ते तरुणांशी आहे, ज्यांना आपण फार पुढारलेले आहोत असं वाटतं त्यांच्याशी. कधीतरी तुमच्या घरातली एखादी बाई कपड्यांच्या दुकानात पडद्याआड जाईल. तुम्ही बाहेर फोन चाळत उभे असाल. पडदा सरकेल. ती आरशात बघायच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. तेव्हा वय, दंड, पोट, 'हे आता चालतं', 'हे आता गेलं', यातलं जे काही ओठांवर येईल ते गिळून टाका. तिला एवढंच विचारा, "तुला कसं वाटतंय?"

आणि मग थांबा, खरंच थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलेलं नसतं.