‘काहीच नाही’ कुठे ठेवलं होतं?

मी डबा बोलतोय. रिकामा असलो की माझा आवाज जरा घुमतो, तेवढं सांभाळून घ्या.

बाळाच्या दुधाच्या पावडरीचा पत्र्याचा डबा मी. वर प्लॅस्टिकचं झाकण, अंगावर छापलेलं एक गुटगुटीत बाळ. ते बाळ आजतागायत हसतंय, त्याला दुसरं काही येतच नाही. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका दमात माझ्यासारखे हजार जन्मले, त्यामुळे बारशाचा काही प्रश्न नव्हता. तिथून ट्रकने गाझियाबादला आलो आणि औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांशेजारी उभा राहिलो.

तिथून मला द्वारकाने घरी आणलं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि तिच्या खांद्यावर दीड महिन्याची देविका होती. द्वारका बुलढाण्याकडची, शाळा सातवीपर्यंत. नवऱ्याला, म्हणजे धीरजला, इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आली. इथे तिने नाव सांगितलं की लोक विचारायचे, “कौन सा सेक्टर?” दिल्लीत द्वारका नावाचं उपनगर आहे हे तिला कुठलं ठाऊक! पहिले सहा महिने तिला कळेचना, आपल्याला सेक्टर कशाला असेल!

काळजी करणं हा तिचा मूळ धंदा. माझ्यातली चमचाभर पावडर सुरीने सपाट करायची, तेही चार वेळा. पाणी कोमट आहे का ते आपल्या मनगटावर बघायची, मग खात्रीसाठी धीरजच्या. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालतोय का बघायची. त्याने पोर जागी व्हायची, रडायची. मग ती का रडते याची काळजी.

पावडर संपली, पण तिने मला भंगारात दिलं नाही. माझ्यात आधी तूरडाळ आली, मग मोहरी, मग सेफ्टी पिना, सुटी बटणं आणि कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या तीन किल्ल्या. ओट्यावरच्या फळीवर बसून मी देविकाला मोठी होताना बघितलं. आम्ही दोघं एकाच वर्षीचे. ती वाढली, मी गंजलो, एवढाच फरक.

यंदा ती पहिलीत गेली आणि तिला प्रश्न फुटले.

“आई, हे सगळं कुणी केलं?”

“बाप्पाने.”

“बाप्पाला कुणी केलं?”

“पार्वतीने.”

“आणि पार्वतीला?”

“ती हिमालयाची मुलगी.”

“हिमालय म्हणजे मसुरीचा? तुला गाडीत उलटी झाली तो?”

“तोच.”

“त्याला कुणी केलं?”

“जेव आधी. भेंडी गार होते.”

भेंडी गार झाली, प्रश्न काही झाला नाही. मग धीरजने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. आधी काहीच नव्हतं, मग धडाम्, मग तारे. धीरजला वाटलं, चलो, काम झालं. देविकाने तो पुन्हा एकदा बघितला आणि थेट ओट्याशी आली.

“आई, काहीच नव्हतं ना, तर ते ‘काहीच नाही’ कुठे ठेवलं होतं?”

द्वारकाचं लाटणं पोळीवरच थांबलं. “माहीत नाही गं,” ती म्हणाली, इतक्या हळू की फळीवर मला कसंबसं ऐकू आलं.

त्याच संध्याकाळी देविका बाल्कनीत बाहुलीला समजावत होती. “आईला नको विचारू. आई फक्त सातवीपर्यंत आहे. मी पहिलीत आहे. अजून सहा वर्षांनी मी आईला गाठणार. मग पुढे जाणार.”

तिच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. गाडी पुढच्या स्टेशनला जाणार म्हणतात ना, तसं ती बोलली. पण आत कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या द्वारकाने बोटांवर सहा मोजले आणि त्याच टॉवेलची तीनदा घडी घातली. त्या दिवसापासून देविका फोनला विचारू लागली. आईकडे फक्त भूक लागली की यायची.

पोरीला उत्तरं मिळत नाहीत याचं द्वारकाला तेवढं वाटत नव्हतं. पोर विचारायला येत नाही, याने तिचा जीव खाली-वर व्हायचा. सहा वर्षं लांब होती, आणि ही तर आत्ताच पुढे निघाली!

इतक्यात गणपती आले. आमच्या भागातली मराठी मंडळी सोसायटीच्या हॉलमध्ये गणपती बसवतात. यंदा रविवारी व्याख्यान ठरलं, ‘विश्वाची सुरुवात’. बोलायला हेमांगीताई येणार होत्या. त्या दुर्बिणीतून तारे बघण्याचं काम करतात, आणि सरकार त्यांना त्याचा पगार देतं हे ऐकून बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली.

मंडळाच्या सचिव प्रभाताई. निवृत्त शिक्षिका. त्यांनी जाहीर केलं, “ज्याला समोर उठून विचारायला लाज वाटते, त्याने चिठ्ठी टाकायची. नाव लिहायचं नाही. कुणाकडे एखादा डबा आहे का?”

द्वारकाने पिना, बटणं, किल्ल्या ओतून मला पुढे केलं. गरम सुरीने माझ्या झाकणाला फट पाडली. दुखलं, पण पद मोठं होतं. अंगावर कागद चिकटला, ‘शंकापेटी’. गुटगुटीत बाळाचं तोंड तेवढं त्यातून बाहेर राहिलं. प्रभाताईंनी एकोणीस निवडणुकांची ड्युटी केलेली, त्यामुळे त्यांनी मला सुतळीने बांधलं आणि गाठीवर लाख वितळवून मंडळाचा शिक्का मारला.

दिनकरराव पुढे आले. मोठ्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मंडळाचा सूचनाफलक त्यांच्याच हातचा. “प्रभाताई, चिठ्ठ्या आधी मी चाळतो. पाहुण्यांपुढे मंडळाचा स्तर राहिला पाहिजे.”

“मतं मोजायच्या आधी चाळतात का हो?”

“अहो, पण कुणी भलतंच विचारलं तर?”

“तर विचारलं. ठेवा तो डबा बाप्पाजवळ.”

दिनकररावांनी मग शेजारी हार गुंफत बसलेल्या द्वारकाकडे मोर्चा वळवला. “हे बघ सूनबाई, विषय तसा सोपा आहे. एक बिंदू होता, तो फुगला. तुला कळणार नाही, पण सोपा आहे बिल्कुल.”

द्वारका म्हणाली, “हो काका,” आणि सुई बोटात टोचून घेतली.

शनिवारी संध्याकाळी तिने हाताला लागलेल्या कागदावर देविकाचा प्रश्न लिहिला. रविवारी सकाळच्या आरतीला तो माझ्या फटीतून आत आला. हॉलमधून निघता निघता तिने पोरीला सांगितलं, “तुझा प्रश्न टाकला बरं का मी. मोठ्या मॅडम वाचतील.”

“खरंच?” देविकाने आपणहून तिचा हात धरला. आठवड्यात पहिल्यांदा.

दुपारी चारच्या सुमारास हॉलमध्ये फक्त बाप्पा, मी आणि घरघरणारा कूलर. मंडळी जेवून लवंडायला गेलेली. तेवढ्यात द्वारका आली ती धापा टाकत, एका पायात चप्पल धीरजची.

झालं असं होतं, तिच्या पुटपुटण्यातून मला कळलं ते. सोमवारसाठी देविकाच्या शाळेच्या डायरीवर सही करायला गेली, तर पानच नाही! बाईंनी शेरा लिहिलेलं, डायरीतून सुटलेलं पान. ‘देविका, कक्षा एक-बी. बहुत सवाल पूछती है। अभिभावक ध्यान दें।’ पालकांनी लक्ष द्यावं म्हणे. आणि त्याच पानाच्या पाठीवर द्वारकाने प्रश्न लिहून माझ्या पोटात टाकला होता. बिननावाच्या चिठ्ठीवर नाव, इयत्ता, तुकडी, वर शाळेची तक्रार!

“बाप्पा, तू तिकडे बघ,” ती म्हणाली आणि तिने मला उलटा केला.

हलवलं. थोपटलं. केसातला आकडा काढून माझ्या फटीत घातला. आयुष्यात मला इतक्या गुदगुल्या झाल्या नव्हत्या. एक चिठ्ठी निघाली, तिची नव्हे. तिने वाचायचं नाही म्हणत वाचली.

‘आज प्रसादाला काय आहे?’

दुसरी. ‘एवढा मोठा स्फोट झाला तर आवाज कुणी ऐकला?’

तिसरी, आमच्या भागात यूपीएससीच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं राहतात, त्यांच्यापैकी कुणाची तरी. ‘हे मेन्सला येऊ शकतं का? आलं तर किती शब्दांत लिहावं?’

चौथी. ‘विश्व आपोआप झालं म्हणतात. मग आमच्या फ्लॅटचा ताबा का मिळत नाही?’

पाचवी चिठ्ठी जाड कागदाची, वर समास सोडलेला. अक्षर सूचनाफलकावरचं. ‘माननीय वक्त्यांस सविनय. बिंदू होता हे ठीक. पण बिंदूच्या आधी काय होते? मला चाळीस वर्षांत समजलेले नाही. कृपया अक्षर कोणास दाखवू नये.’

द्वारकाने ती दोनदा वाचली. मग तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता जमिनीवर बसली. सहा वर्षांत मी तिला इतकं हसताना ऐकलं नव्हतं. त्याच नादात आकड्याला सहावी चिठ्ठी आली. ती मात्र तिची होती.

“द्वारका! मतपेटीला हात?”

दारात प्रभाताई. द्वारकाने आपली चिठ्ठी मुठीत दडवली.

“ताई, माझी चुकून… जरा बदलून टाकायची होती.”

“एकोणीस निवडणुका केल्या मी. पडलेलं मत परत मिळत नाही. काढलंस ते सगळं आत टाक बघू.”

द्वारकाने एकेक करून पाच चिठ्ठ्या आत सोडल्या. मूठ तेवढी राहिली. प्रभाताई माझ्या गाठीवरची लाख तपासत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मूठ तशीच घेऊन ती घरी जाऊ शकली असती. अब्रू वाचली असती. पण पहिल्या रांगेत बसून देविकाने रात्रीपर्यंत वाट बघितली असती, आणि तिचा हात पुन्हा सुटला असता.

“ताई, एखाद्याला चाळीस वर्षं एक गोष्ट कळत नसेल, तर तो बावळट का हो?”

“कोण म्हणतं? बरेचदा तोच हुशार निघतो. का गं?”

“काही नाही,” म्हणत तिने मूठ माझ्या फटीवर उघडली.

संध्याकाळी हॉल भरला. हेमांगीताई छान सोपं बोलल्या. मध्येच म्हणाल्या, लोखंड बनलं ते ताऱ्यांच्या पोटात. हा पत्र्याचा डबासुद्धा मुळात ताऱ्यांतून आलाय. मी आजवर स्वतःला औषधाच्या दुकानातला समजत होतो! इतका ताठ झालो की झाकण उडायचं बाकी राहिलं. पण कुणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळे प्रसादाकडे बघत होते.

मग लाख फोडून मला उघडलं. आवाजाच्या चिठ्ठीला हेमांगीताईंनी दहा मिनिटं दिली, फ्लॅटच्या चिठ्ठीला हात जोडले. ‘बिंदूच्या आधी काय’ हे वाचलं तेव्हा दिनकरराव पंख्याची पाती मोजू लागले. द्वारकाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या मते त्या हॉलमधला तो सगळ्यात मोठा सभ्यपणा होता.

आणि मग ते पान निघालं.

“काहीच नव्हतं, तर ते ‘काहीच नाही’ कुठे ठेवलं होतं?” ताईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग पान उलटलं. “देविका, एक-बी. बहुत सवाल पूछती है, अभिभावक ध्यान दें.”

हॉल हसला. द्वारकाचा चेहरा कुंकवासारखा लाल.

“या देविकाचे अभिभावक कोण?”

द्वारका उठली. एका हाताने तिने पुढची खुर्ची धरली होती. “मी. प्रश्न तिचा आहे. मला उत्तर आलं नाही म्हणून मी लिहिलं.”

“बाईंनी लक्ष द्या म्हटलं, आणि तुम्ही दिलंत,” हेमांगीताई म्हणाल्या. “पण मलाही याचं उत्तर येत नाही. काहीजण म्हणतात तेव्हा जागाच नव्हती, म्हणजे ‘कुठे’ हेच नव्हतं. काहीजण म्हणतात आधीही काहीतरी होतं. पक्कं कुणालाच माहीत नाही. मी रोज यावरच विचार करते.”

देविका पहिल्या रांगेतून उठली. “तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?”

“देविका!” द्वारका ओरडली.

“विचारू द्या. मोजलं तर, अं, बावीसवी-तेवीसवी होईल.”

“आणि तरी येत नाही?”

“तरी येत नाही.”

देविकाने मागे वळून आईकडे बघितलं. हिशेब चालला होता.

“मग मी आईलाच विचारत जाईन,” तिने जाहीर केलं. “ती घरीच असते. यांच्याकडे मेट्रोने जावं लागतं.”

हॉलचं छप्पर हसण्याने वर गेलं. सगळ्यात मोठ्याने दिनकरराव हसत होते, सुटल्यासारखे. द्वारका मात्र डोळे पुसत होती. कूलरचा वारा डोळ्यात गेला, असं ती धीरजला म्हणाली.

आता मी पुन्हा ओट्यावरच्या फळीवर आहे. सुतळीची खूण अंगावर राहिली, लाखेचा एक थेंब निघता निघत नाही. पिना-बटणांना दुसरा डबा मिळाला. माझ्यात आता फक्त चिठ्ठ्या असतात. रविवारी दुपारी मायलेकी मला मधे ठेवून बसतात. काहींची उत्तरं धीरज देतो, काही पुस्तकात सापडतात. उरलेल्यांना द्वारका म्हणते, “माहीत नाही गं, बघूया.” पण हल्ली हे ती मोठ्याने म्हणते, पोळी लाटता लाटता, लाटणं न थांबवता. गेल्या रविवारी एक चिठ्ठी मोठ्या माणसाच्या अक्षरातली निघाली. ‘तारे दिवसा काय करतात?’ देविका म्हणाली, “आई, हे तर मला येतं!” आणि आई हनुवटी हातावर टेकवून ऐकत बसली.

काळजी तिची गेलेली नाही, गैरसमज नको. परवाच देविका झोपेत असताना तिने नाकाशी बोट धरलं होतं.

माझा तळ गंजत चाललाय. किती दिवस आहे, मलाही माहीत नाही. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, घरातलं पोर काही विचारायला आलं आणि तुम्हाला येत नसेल, तर त्याला भेंडी गार होते म्हणून सांगू नका. येत नाही म्हणा आणि चिठ्ठी लिहून ठेवा. ठेवायला जागा नसेल, तर माझ्यात अजून पुष्कळ आहे.