चार बोल्ट

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कारखान्याच्या फलकावर कागद लागला. पुनर्रचनेत पॅकिंगमधली तीन माणसं उद्यापासून कमी. तिसरं नाव मशिनं लावून देणाऱ्या सेटरच्या दाजींचं, त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. शेवटी एक ओळ होती : 'कामगारांच्याच सूचनेनुसार.'

ती सूचना सेटरची होती. ब्रेक डिस्कनी भरलेल्या क्रेट ही तीन माणसं लाइनवरून वाकून उचलत आणि टेबलावर नेऊन ठेवत. दाजींची पाठ धरली, तेव्हा त्यानं लाइन आणि टेबलाच्या मधे उतरता रोलर, फिरत्या नळ्यांची घसरण, बसवायला सुचवलं. क्रेट आपली आपण जायला लागली. सगळ्यांसमोर टाळ्या झाल्या, बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

"मेव्हण्यानं पाठीची फार काळजी घेतली," दाजी फलकासमोरून न हलता म्हणाले. "आता घरीच आडवं पडायचं."

"दाजी, मला काय माहीत—"

"ते तुझ्या ताईला सांग. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

सेटर जिना चढून साहेबांच्या खोलीत गेला. आपला फॉर्म बघायला मागितला. साहेबांनी फाइल उघडून पुढे सरकवली. 'फायदा' या रकान्यात त्याचं अक्षर होतं : 'वाकावं लागणार नाही.' त्याखाली हिरव्या शाईत : 'तीन माणसं कमी.' तारीख टाळ्यांच्या आदल्या दिवसाची.

"म्हणजे घड्याळ हातात देताना हे ठरलेलं होतं."

"सूचना तुमचीच आहे ना?"

"माझीच."

"मग?"

"मग परत घेतो."

साहेब हसले. "अशी परत घेता येत नाही हो."

खाली येऊन त्यानं पेटीतून पाना काढला आणि रोलरचे चार बोल्ट सोडले. रोलर ओढून भिंतीला टेकवला. लाइन चालूच होती. पहिली क्रेट टोकाला येऊन थांबली, मागून दुसरी आली. तिघं बघत राहिले. मग दाजींनी कमरेचा पट्टा आवळला, वाकले आणि क्रेट उचलली. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"पाठ, दाजी."

"तू बोल्ट सांभाळ."

तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत क्रेट हातांनीच जात होत्या. बोल्ट सेटरच्या खिशात होते. वरच्या खिडकीचा पडदा दोनदा हलला. खाली अजून कुणी उतरलं नव्हतं.